न खाल्लेला गूळ

मी गूळ खाल्ला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना तुम्हालाही कुठेतरी वाटेल की थोडासा, बोटभर, चाखण्यापुरता तरी खाल्ला असेल बाईनं. सगळ्यांनाच वाटलं होतं. माझ्या आईलासुद्धा.

आमचं घर लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. पुढची माणसांची आणि मागची मोदकांची, असं नवरा म्हणतो. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सासूबाईंनी खानावळ चालवली, आणि खानावळीत जेवणारी माणसं एकेक करून गावाला निघून गेली तेव्हा गोडाच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, ओल्या नारळाच्या करंज्या. आता ऑर्डरी फोनवर येतात. लोअर परळच्या टॉवरमधली माणसं डिलिव्हरीवाले पाठवून डबे नेतात आणि 'एकदम ऑथेंटिक' म्हणून मेसेज टाकतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, खानावळही नव्हती, पण सासूबाईंचा हात खानावळीचाच होता, कमी करायचं त्यांना जमतच नाही.

मी ठाकूरद्वारची. माहेरी मोदक वर्षातून एकदा, तेही एकवीस. इथे एका संकष्टीला दीडशे. लग्नानंतर मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होते. दिवस राहिले, पहिले तीन महिने उलट्यांत गेले, नोकरी सुटली आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसले. मला कोणी बसवलं नाही, ते खोटं बोलणार नाही. दिवसभर बसायला दुसरी जागाच नव्हती.

सासूबाई सारण शिजवायच्या, उकड काढायच्या आणि मोदकाच्या कळ्या पाडायच्या. कळ्या पाडणं त्यांनी कुणाला दिलं नाही, मला तर नाहीच. माझ्याकडे गोळ्या वळायचं काम. गूळखोबऱ्याच्या सारणाच्या लिंबाएवढ्या गोळ्या करून ताटात मांडून ठेवायच्या, म्हणजे त्यांचा हात थांबत नाही. पुरणपोळ्या असल्या की पुरणाचे गोळे. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत दोन्ही हात गुळात.

सहाव्या महिन्यात नायगावच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी प्यायला लावून रक्त तपासलं आणि साखर वाढलेली निघाली. गरोदरपणातला डायबेटीस, म्हणाल्या, बाळंतपणानंतर बहुतेक जाईल, पण तोवर सांभाळायला हवा. नाही सांभाळलं तर बाळ पोटात नको तेवढं मोठं होतं, बाहेर यायला अडतं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम खाली जाते. एक छोटं मशीन घ्यायला सांगितलं. दवाखान्यातल्या मुलीनं दाखवलं: स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवायचा, वाळू द्यायचं, सुई टोचायची, थेंब पट्टीवर लावायचा. दिवसातून चार वेळा. सकाळी उपाशीपोटी, आणि प्रत्येक खाण्यानंतर दोन तासांनी. आकडा वहीत लिहायचा. जेवणानंतरचा एकशेवीसच्या आत राहिला पाहिजे.

मला नियम आवडतात. शाळेच्या ऑफिसात मी हजेरीपटावर एक खाडाखोड होऊ दिली नव्हती. भात बंद म्हणाल्या, त्या दिवसापासून बंद. चहा बिनसाखरेचा. नाचणीची नाही तर ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी, एखादं अंडं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या पेजेत गूळ घातला होता, 'साखर नाय गो, गूळ आसा, गुळान काय होना नाय,' म्हणून. ती पेज मी मोरीत ओतली. त्यांच्या देखत ओतली. तिथेच आमचं बिनसलं असावं.

सकाळचा आकडा शहाण्यासारखा यायचा. शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी. न्याहारीनंतरचा एकशेसत्तर. दुपारच्या जेवणानंतरचा एकशेनव्वद. रात्रीचा पुन्हा शंभराच्या आसपास. मला कळेना. अर्धी भाकरी आणि मटकीवर एकशेनव्वद?

तपासणीच्या दिवशी मी आंघोळ करून, बरी साडी नेसून नायगावला जायची. दवाखान्यात खाण्यानंतरची साखर दंडातून रक्त काढून बघायचे. तिथे एकशेबारा. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला. "घरी एकशेनव्वद आणि माझ्याकडे एकशेबारा. परीक्षेच्या दिवशी सगळेच अभ्यास करून येतात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्यांनी तिथेच माझ्या मशीनवर माझं बोट टोचलं. एकशेचौदा आलं. "मशीन तर बरोबर आहे. मग आता उरलं कोण?" बाई वाईट नव्हत्या. रोज चाळीस बायका तपासायच्या आणि त्यातल्या निम्म्या खरंच खोटं बोलत असतील. मी त्या निम्म्यांत जमा झाले. न्याहारीआधी आणि जेवणाआधी इन्सुलिन सुरू झालं, चार-चार युनिट.

नवरा लोअर परळला एका ऑफिसात आकडेवारीचं काम करतो. जिथे त्याचे वडील साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे त्याच आवारात, काचेच्या इमारतीत. तो डोक्यानं हुशार आहे. त्यानं माझ्या वहीचे फोटो काढले, त्यातले आकडे कॉम्प्युटरवर घातले आणि शेजारी सासूबाईंच्या ऑर्डरीचे दिवस मांडले. एका रविवारी त्यानं मला समोर बसवलं आणि स्क्रीन दाखवली. "ज्या दिवशी घरात गोडाची ऑर्डर, त्या दिवशी तुझी साखर वाढलेली. ज्या दिवशी ऑर्डर नाही, त्या दिवशी नॉर्मल. एकही दिवस चुकलेला नाही. तूच बघ." मी बघितलं. एकही दिवस चुकलेला नव्हता. "खरं सांग," तो म्हणाला, "मी रागावणार नाही."

ते वाक्य अजून माझ्या कानात बसलेलं आहे. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तो समजूतदारपणे बोलत होता, हात हातात घेऊन. मी हात सोडवून घेतला आणि आवाज चढवला. मी काय चोर आहे का, तुझ्या आईच्या गुळाला मी हात लावते ते वळायला, गिळायला नाही, असं बरंच बोलले. आतून सासूबाई म्हणाल्या, "खाई त्याला खवखवे." झालं. त्या दिवसापासून माझा रागसुद्धा पुरावा ठरला.

सासूबाई गोळ्या मोजायला लागल्या. एका नारळाच्या इतक्या व्हायला हव्यात, तितक्या का नाहीत. नारळ काय मापात येतो का, पण त्यांना कोण सांगणार. तरी त्यांच्या परीनं त्या मायेनंच वागत होत्या, हे जास्त चिडचिड करणारं होतं. "गरवार बायकांका मोह होताच," त्या शेजारणीला सांगायच्या, मी ऐकतेय हे बघूनच. मला म्हणायच्या, "खाल्लंस तर खाल्लंस. पन खोटा कित्याक बोलतंस?" सातव्या महिन्यात ओटी भरली. डोहाळजेवण मात्र केलं नाही. निमित्तच नको, असं ठरलं. पेढ्याची वाटी आणि बर्फीची वाटी झाकून पुढे ठेवतात ना, ती माझ्यापुढे कोणी ठेवली नाही. मला त्याचं रडू आलं आणि ते रडू पेढ्यासाठी आहे असं त्यांनी धरलं.

मी आईला फोन केला. आईला सगळं सांगितलं, अगदी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यासकट. ती म्हणाली, "बाळासाठी तरी जिभेवर ताबा ठेव गं." मी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी कुणाला काही पटवायला गेले नाही.

स्वतःवरचा विश्वासही उडत चालला होता. माणूस एकटा किती दिवस बरोबर असू शकतो? मला वाटायला लागलं, सारणाचा वास नाकातून आत जातो, त्यानंच वाढत असेल. हसू नका. मी ओढणी नाकातोंडावर बांधून गोळ्या वळायला बसायची. आणि जेवण कमी केलं. अर्ध्या भाकरीची चतकोर केली. खाल्लंच नाही तर वाढेल कशी, असा साधा हिशोब. मोबाइलचा गजर वाजला की ओल्या फडक्याला हात पुसायचा, शिकवल्याप्रमाणे स्पिरिटचा बोळा डाव्या हाताच्या बोटावर फिरवायचा, सुई टोचायची. एकशेपंच्याऐंशी. दोनशेदोन. वहीत लिहायचं, आणि पुन्हा हात सारणात. इन्सुलिन चाराचं सहा झालं, सहाचं दहा.

गणपती आले तेव्हा मला आठवा होता. चतुर्थीच्या सकाळपासून दोन्ही शेगड्यांवर मोदकपात्रं चढलेली, खाली रस्त्यावर ढोल, जिन्यात डबे न्यायला आलेल्यांची रांग. नवऱ्याला सुट्टी होती, तो डबे भरत होता. मी बाराला इन्सुलिन घेतलं, चतकोर भाकरी खाल्ली आणि गोळ्यांना बसले.

दोनच्या सुमारास हात कापायला लागले. गोळी वळेना. पाठीवरून घामाच्या धारा. जीभ जड झाली आणि पोटात अशी भूक उठली की तशी मला आयुष्यात लागली नव्हती. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलेलं होतं: हातपाय कापले, घाम फुटला तर लगेच साखर खा. मी नवऱ्याला हाक मारली. "मला कसंतरी होतंय. साखर उतरलीय बहुतेक. चमचाभर साखर दे."

"आधी चेक कर," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. त्यानंच मशीन आणून दिलं, त्यानंच बोळा पुढे केला. मी पुसलं, टोचलं. दोनशेचौदा.

त्यानं मशीन माझ्यापुढे धरलं. सासूबाई कळ्या पाडता पाडता म्हणाल्या, "दोनशेच्या वर आसा, आनी हिका साकर व्हयी." डबे न्यायला आलेली एक बाई दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

माझ्यासमोर ताटात साठ गोळ्या होत्या. वीतभर अंतरावर. मला शरीर सांगत होतं की खा, एक तोंडात टाक, आत्ता. माझा मशीनवर विश्वास नव्हता, माझा माझ्या अंगावर विश्वास होता, त्या घटकेला तरी. आणि मी हात मांडीवर ठेवले. कारण तीन माणसं बघत होती, आणि एक गोळी तोंडात गेली असती तर गेले दोन महिने मी जे जे बोलले ते सगळं खोटं ठरलं असतं. त्या क्षणी मला पोटातल्या बाळापेक्षा माझा शब्द मोठा वाटला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यावर जे आळ आले ते सगळे खोटे होते, पण हा एक कुणी घेतलाच नाही, आणि तो खरा आहे.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ताट कलंडल्याचा आवाज. मंडळाच्या मुलांनी दोर धरून गर्दी बाजूला केली आणि नवरा मला जवळजवळ उचलून टॅक्सीपर्यंत घेऊन गेला. इस्पितळात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी बोट टोचायला माझा हात धरला आणि थांबल्या. "हे काय चिकट?" त्यांनी बोट नाकाशी नेलं. मग वॉर्डातल्या बाईकडून साबण आणि तांब्याभर पाणी मागवलं, माझा हात नखांपर्यंत चोळून धुतला, कोरडा केला आणि टोचलं. एकोणचाळीस.

सलाईनमधून ग्लुकोज गेलं आणि मला माणसं दिसायला लागली. नवरा सिस्टरना सांगत होता की घरी दोनशेचौदा आली होती, आणि फोनवर तो तक्ता दाखवत होता. सिस्टरनी तक्ता बघितलाही नाही. मला विचारलं, "काम काय करतेस?" मी म्हटलं, मोदकांच्या गोळ्या वळते. "आणि तपासताना हात?" म्हटलं, फडक्याला पुसते आणि स्पिरिट लावते. त्या नवऱ्याकडे वळल्या. "स्पिरिटनं जंतू मरतात, गूळ जात नाही. हिच्या बोटावरचा गूळ मोजत होतात तुम्ही सगळे. आणि त्यावर हिला इन्सुलिन देत होतात."

एवढं साधं होतं. ऑर्डर नसलेल्या दिवशी बोटाला गूळ नाही, म्हणून साखर नॉर्मल. सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री हात स्वच्छ, म्हणून नॉर्मल. दवाखान्यात आंघोळ करून जायची, म्हणून नॉर्मल. नवऱ्याच्या तक्त्यातला एकही दिवस चुकलेला नव्हता.

नंतरच्या तीन आठवड्यांत मी घरी साबणानं हात धुऊन तपासत होते आणि आकडे शंभराच्या आसपास यायचे. इन्सुलिन बंद झालं. पण सोनोग्राफीत बाळ वजनाला कमी दिसत होतं. मोठं होईल म्हणून सगळे ज्याला घाबरले होते, ते बाळ एक किलो नऊशेचं झालं. मुलगी. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आईनं शेवटच्या महिन्यांत नीट खाल्लं नव्हतं का? सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खाव नको असा कोनी सांगलेला तुका?"

मी वाट बघितली. मला माफी नको होती. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, ते मला ठाऊक आहे. एक वाक्य हवं होतं: तू खरं बोलत होतीस. नायगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात धुवायचे असतात हे तर बेसिक आहे." सासूबाई म्हणाल्या, "मगे हात धुवचे ना गो." आई म्हणाली, "मला ठाऊकच होतं तू खाणार नाहीस." नवऱ्यानं फोनमधला तक्ता काढून टाकला आणि म्हणाला, "जाऊ दे ना आता. बाळ बरं आहे ना?" बाळ बरं होतं. मी जाऊ दिलं नाही, फक्त बोलणं सोडलं.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. अंगानं बारीकच राहिली, पण चपळ. आजीशी तिचं गूळपीठ आहे. शाळेला सुट्टी असली की ती मागच्या खोलीत पाटावर बसते आणि गोळ्या वळते, माझ्या जागेवर. मी पुन्हा शाळेच्या ऑफिसात लागले आहे.

गेल्या संकष्टीला मी सुट्टी घेतली होती. संध्याकाळी नैवेद्याचे अकरा मोदक सासूबाईंनी वेगळे उकडले आणि न मोजताच केळीच्या पानात झाकून ठेवले होते. देवाला दाखवायच्या आधी त्यांना कोणी तोंड लावत नाही. चंद्रोदयाच्या वेळी पान उघडलं तर दहा. दिवसभराच्या उपासानं सासूबाई आधीच करवादलेल्या. "कोनी खाल्ल्यान?" मुलगी म्हणाली, "मी नाही खाल्ला." नवऱ्यानं फोनमधून मान वर केली. "हात बघू." तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटं गुळानं बरबटलेली. असणारच, दुपारपासून गोळ्या वळत होती. सासूबाईंनी हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आणि मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हणाले, "खरं सांग, मी रागावणार नाही."

ती रडली नाही. हात तसेच पुढे धरून राहिली. अकरावा मोदक थोड्या वेळानं मिळाला. मोदकपात्राची चाळणी उचलली तर कडेनं निसटून खालच्या पाण्यात फुटून पडलेला. सासूबाईंनी पान सारखं केलं, दहावर एक गुळाचा खडा ठेवला आणि आरती लावली. नवरा पुन्हा फोनमध्ये गेला. विषय संपला, आमच्या घरात विषय तसेच संपतात.

मी तिला मोरीत नेऊन तिचे हात धुतले. साबणानं, नखांपर्यंत. मग बाहेर येऊन, दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "तू खरं बोलत होतीस."

"मी आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि मी हात धरायला गेले तर तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.